शिपायाची शपथ आणि लष्करातील वकील

महालात राहणाऱ्या माणसाला इतिहास शोधायला लांब जावे लागत नाही. गांधी दरवाज्यातून, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्यातून, आत शिरावे, बडकस चौकातून पुढे जावे, आणि वाटेत जी नावे कानावर पडतील ती नीट ऐकावीत. या वस्तीत भोसल्यांचा वाडा आहे, तसेच चिटणीसांच्या नावाचे मैदानही आहे. ज्या गादीने बंगाल-ओरिसापर्यंत घोडी दौडवली, तिच्या शेजारी लेखणीवाल्यांचीही घरे होती. फौज म्हटली की हजेरी आली, हिशेब आला, तक्रार आली आणि तिचा निवाडाही आला. मराठ्यांच्या किल्ल्यावर हवालदाराच्या जोडीला सबनीस असे, तो याच कारणासाठी. तलवार एकटी सोडू नये, तिच्या शेजारी लिहिता माणूस बसवावा, हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे.

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो या शहाणपणाचाच पुढचा अध्याय आहे. काही दिवसांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका घरातील मुलगी कायद्याची पदवी घेऊन घरी आली. मुलगी हुशार, बोलण्यात नेटकी. घरच्यांना वाटले, आता ही हायकोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उभी राहील. तिने सांगितले, "मला लष्करात वकील व्हायचे आहे." तिचे वडील आमच्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, वकील हा मोकळा माणूस. तो न्यायाधीशालाही विनयाने 'आपले चुकते' म्हणू शकतो. शिपाई हुकमाचा ताबेदार. मग हुकमात राहणारा वकील हा काय प्रकार आहे? वरिष्ठाने सांगितले तेच तो कायदा म्हणून सांगणार ना?"

प्रश्न बापाच्या काळजीतून आलेला असला तरी खोटा नाही. आम्ही त्यांना तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. या व्याख्यानात ते देण्याचा प्रयत्न करीत आहोत, आणि ते इतिहासाच्या वाटेने देणार आहोत, कारण लष्करात कायदा सांगणारा माणूस नसला किंवा नुसता एकाच बाजूचा असला म्हणजे काय होते, हे इतिहासच चांगले दाखवतो.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांना सीताबर्डीच्या टेकडीवर जी लढाई झाली ती आपणां सर्वांना ठाऊक आहे. अप्पासाहेब भोसले हरले, डिसेंबरात इंग्रजांच्या स्वाधीन झाले, काही अटींवर पुन्हा गादीवर बसले आणि मार्च १८१८ मध्ये पुन्हा कैद झाले. त्यांना अलाहाबादकडे नेत असताना, मे महिन्यात, जबलपूरच्या बाजूला रायचूर या मुक्कामी ते शिपायाचा पोशाख चढवून रात्रीच्या पहाऱ्यातून निसटले. पहाऱ्यावरचे काही शिपाई त्यांना सामील होते व त्यांच्याबरोबरच ते पळाले. अप्पासाहेब पुढे रानावनांतून भटकत भटकत अखेर जोधपुराच्या आश्रयास गेले आणि तेथेच १८४० साली वारले.

अप्पासाहेबांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला विचार करावासा वाटतो तो त्या शिपायांचा. कंपनीच्या कायद्याने ते फितूर आणि फरारी होते. नागपूरच्या रयतेच्या दृष्टीने ते इमानदार होते. एका शपथेने त्यांना कंपनीच्या निशाणाशी बांधले होते, आणि मनातली दुसरी, न उच्चारलेली शपथ त्यांना पदच्युत राजाकडे ओढत होती. अशा वेळी कोणती शपथ मोठी? हा प्रश्न तलवारीने सुटत नाही. तलवार फक्त कोण जिंकले एवढेच सांगते. हा प्रश्न कायद्याचा आहे, आणि तो पुढच्या सव्वाशे वर्षांत तीनदा तरी हिंदुस्थानच्या लष्करी न्यायासनापुढे येऊन उभा राहिला.

पराभवानंतर आपल्या शहराच्या ईशान्येस, कन्हान नदीच्या काठी, १८२१ साली कामठीची छावणी वसली. सीताबर्डीच्या लढाईचेच ते फळ. इंग्रजी फौज येथे कायमची ठेवायची, भोसल्यांना तिच्या धाकात ठेवायचे, हा तिचा हेतू. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. तीन वर्षांतच, १३ जून १८५७ रोजी, टाकळीच्या घोडदळातील स्वारांचा उठाव करण्याचा बेत फुटला. त्यात सापडलेल्या माणसांना फाशी झाली. फौजेच्या जरबेखालील शहरात फौजेतल्याच माणसांनी बंडाचा विचार करावा आणि त्याची किंमत मानेने द्यावी, ही गोष्ट महालाच्या आठवणीत राहिली आहे.

त्याच वर्षी बराकपुरास मंगल पांडे यांचा खटला ६ एप्रिलला चालला आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. मध्ये फक्त एक दिवस! न्यायासनावर बसलेले अधिकारी हिंदी सुभेदार-जमादार होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. आपल्या माणसांच्या हातून निवाडा झाला म्हणजे तो आपोआप न्याय होत नाही. न्यायाला वेळ लागतो, आरोपीच्या बाजूने बोलणारे तोंड लागते, आणि निवाड्यावर पुन्हा नजर टाकणारा कोणी तरी वर असावा लागतो. या तीनही गोष्टींची उणीव असली तर न्यायासनाचा सगळा थाट असूनही तेथे होते ती केवळ शिक्षा.

आता ज्या अधिकाऱ्याविषयी आम्हांला बोलायचे आहे तो इतिहासाच्या रंगमंचावर आपल्याला स्पष्टपणे दिसतो तो दिल्लीस. बहादुरशहा जफर या वृद्ध बादशहाचा खटला लाल किल्ल्यात २७ जानेवारी १८५८ रोजी सुरू झाला आणि ९ मार्चला संपला. न्यायासन लष्करी अधिकाऱ्यांचे होते. सरकारच्या वतीने खटला चालवला मेजर हॅरियट यांनी, आणि त्यांचा हुद्दा होता डेप्युटी जज ॲडव्होकेट जनरल. म्हणजे लष्करातला कायदेपंडित! ज्याने कायदा सांगायचा तोच येथे फिर्यादीचे तोंड झाला होता. ज्या कंपनीने आपल्याला बादशहाचे दिवाण म्हणवून घेतले होते, तिने त्याच बादशहाला राजद्रोही ठरवले. बादशहा आपल्या चाकराचा राजद्रोह कसा करू शकतो, ही शंका त्या न्यायासनाला पडली नाही. पडली असती तरी ती मांडणारा स्वतंत्र कायदेपंडित तेथे नव्हता.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न मराठी माणसाच्या बाबतीत उभा राहिला. रामचंद्र पांडुरंग टोपे, म्हणजे आपले तात्या टोपे, हे मूळचे येवल्याचे. मानसिंगाच्या विश्वासघाताने ७ एप्रिल १८५९ रोजी ते पकडले गेले. १५ तारखेला शिवपुरीस, इंग्रजांच्या भाषेत सिप्रीस, त्यांच्यावर कोर्टमार्शल भरले. आरोप असा की त्यांनी ब्रिटिश सरकारविरुद्ध बंड केले व युद्ध पुकारले. १८ तारखेला त्यांना फाशी देण्यात आली.

तात्यांचे म्हणणे थोडके आणि सरळ होते. काल्पीपर्यंत आपण नानासाहेबांच्या हुकमाने वागलो व त्यानंतर रावसाहेबांच्या. आपण जे केले ते धन्याच्या आज्ञेने केले. लढाईच्या बाहेर कोणाची हत्या केली नाही. आमच्या मते या म्हणण्यात दोन कायदेशीर मुद्दे दडलेले होते. पहिला मुद्दा अधिकाराचा. जो मनुष्य पेशव्यांच्या अंमलात जन्मला, पेशव्यांच्या पदरी वाढला आणि ज्याने इंग्रजांची चाकरी पत्करली नाही, तो इंग्रजांचा प्रजाजन होता काय? नसेल तर त्याने राजद्रोह केला नाही, युद्ध केले, आणि हरलेला शत्रू हा युद्धकैदी असतो. दुसरा मुद्दा हुकमाचा. आपल्या धन्याचा हुकूम पाळणे हे सैनिकाचे कर्तव्य. ते कर्तव्य केव्हा गुन्हा ठरते? ज्या मॅलेसन या इंग्रज इतिहासकाराने त्या युद्धाचा इतिहास लिहिला, त्यालाही या फाशीच्या न्याय्यतेबद्दल खात्री वाटली नाही. एका शिकलेल्या वकिलाने हे दोन मुद्दे घेऊन त्या छावणीत चार दिवस भांडण मांडले असते तर तात्या वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुद्दा कागदावर आला असता, आणि कागदावर आलेला मुद्दा मरत नाही.

तो मरत नाही याचा पुरावा शहाऐंशी वर्षांनी त्याच लाल किल्ल्यात मिळाला. ५ नोव्हेंबर १९४५ रोजी आझाद हिंद फौजेचे तीन अधिकारी, शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ, यांच्यावर कोर्टमार्शल सुरू झाले. न्यायासनावर सात अधिकारी होते, त्यांपैकी तीन हिंदी. आरोप मुख्यतः राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. पण या वेळी आरोपींच्या मागे अवघा देश उभा होता, आणि त्यांच्या पुढे उभे होते भुलाभाई देसाई. सर तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, आसफ अली अशी मंडळी बचावाच्या समितीत होती. पंडित नेहरूंनीही कित्येक वर्षांनी वकिलाचा झगा अंगावर चढवला तो या खटल्यासाठी.

भुलाभाईंनी जो मुद्दा मांडला तो पाहा. आझाद हिंदचे एक सरकार होते, त्याला काही राष्ट्रांची मान्यता होती, त्याची फौज शिस्तीची होती, आणि तिने रीतसर युद्ध केले. गुलाम देशातील लोक स्वातंत्र्यासाठी रीतसर युद्ध करतात तेव्हा राजनिष्ठेच्या देशांतर्गत कायद्याने त्यांचे मोजमाप करता येत नाही. श्रोतेहो, तात्या टोप्यांच्या म्हणण्याचा धागा या युक्तिवादात आपणांस दिसत नाही काय? आणि रायचूरच्या रात्रीचे ते पहारेकरी? शपथ कोणाशी, राजाशी की देशाशी, हाच प्रश्न १८१८ साली त्या शिपायांपुढे होता. त्यांच्याजवळ तो मांडायला शब्द नव्हते. भुलाभाईंच्या तोंडून ते शब्द मिळाले.

३१ डिसेंबर १९४५ रोजी न्यायासनाचा निवाडा झाला. तिघेही युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरले, आणि त्या गुन्ह्याला कायद्यात फाशी किंवा जन्मठेप याखेरीज तिसरी शिक्षाच नव्हती. त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण कोर्टमार्शलचा निवाडा वरिष्ठाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ३ जानेवारी १९४६ रोजी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली. बडतर्फी आणि थकलेल्या पगाराची जप्ती तेवढी राहिली. ऑकिन्लेक यांच्या मनावर कायद्यापेक्षा देशातील प्रक्षोभाचे ओझे अधिक होते, हे उघड आहे. तरीही या खटल्याने एक धडा दिला. लष्करी न्यायासनापुढेसुद्धा कायदा पूर्णपणे, निर्भयपणे आणि तपशिलाने मांडता येतो, आणि तो मांडला गेला म्हणजे निवाडा देणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

स्वातंत्र्य आल्यावर आपण हा धडा कितपत घेतला, ते आता पाहू. १९११ चा इंग्रजी अमलातला लष्करी कायदा जाऊन १९५० चा सेना अधिनियम आला आणि त्याच वर्षी २२ जुलैला तो लागू झाला. त्याचे नियम १९५४ साली झाले. या कायद्यात कोर्टमार्शलचे चार प्रकार आहेत. सर्वांत मोठे जनरल कोर्टमार्शल. त्यात निदान पाच अधिकारी बसतात. त्याखाली डिस्ट्रिक्ट कोर्टमार्शल. त्यात निदान तीन. युद्धभूमीवरच्या निकडीसाठी समरी जनरल कोर्टमार्शल; त्यातही तीन. आणि शेवटचे समरी कोर्टमार्शल. त्यात पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश असतो.

जनरल कोर्टमार्शलमध्ये जज ॲडव्होकेट असलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरल कोर्टमार्शलमध्ये तो असू शकतो. आमच्या परिचयाच्या त्या मुलीला व्हायचे आहे ते हेच. तिच्या वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या अधिकाऱ्याच्या जागेत आहे, म्हणून ती जागा नीट समजून घेऊ. जज ॲडव्होकेट हा मेजर हॅरियटसारखा फिर्यादीचा वकील नसतो, तसाच तो आरोपीचाही वकील नसतो. सरकारची बाजू मांडायला वेगळा अधिकारी असतो. आरोपीला बचाव अधिकारी मिळतो व त्याला आपला खाजगी वकीलही देता येतो. जज ॲडव्होकेट दोघांच्या मध्ये बसतो, कायदा काय आहे ते सांगतो, शेवटी पुराव्याचे सार मांडतो, आणि मग निवाड्यात मत देत नाही. त्याला मत नाही, आणि हीच त्याची ताकद आहे. ज्याला मत द्यायचे नाही त्याला कोणाची मर्जी सांभाळायची गरज कमी. न्यायासनावर बसलेले अधिकारी शूर असतील, अनुभवी असतील, पण ते कायदा शिकलेले नसतात. त्यांना थांबवून, "साहेब, हा पुरावा घेता येणार नाही," असे म्हणणारा तेथे तोच एक असतो.

नियमांत आणखी काही गोष्टी अशा आहेत की त्या वाचताना मंगल पांडे यांच्या त्या दोन दिवसांची आठवण होते. आरोप कळल्यापासून खटला उभा राहीपर्यंत आरोपीला निदान ९६ तास मिळाले पाहिजेत. फौज प्रत्यक्ष कामगिरीवर असेल तर २४. न्यायासनावरील अधिकाऱ्याबद्दल हरकत घेण्याचा हक्क आरोपीला आहे. निवाड्याच्या वेळी मत सांगण्यास सुरुवात सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याने करायची, म्हणजे वरिष्ठ काय बोलला ते पाहून त्याला आपले मत वळवावे लागू नये. मते समसमान झाली तर निवाडा आरोपीच्या बाजूने. फाशीची शिक्षा देण्यास जनरल कोर्टमार्शलमध्ये दोन-तृतीयांश सभासदांची संमती हवी, आणि समरी जनरलमध्ये सर्वांची. शिस्त हा ज्या संस्थेचा प्राण, तिने आपल्याच शिस्तीला घातलेले हे लगाम आहेत. कनिष्ठाने आधी बोलावे हा नियम तर आमच्या मते घराघरांतही लागू करावा!

मात्र एवढ्याने सगळे आलबेल झाले असे आम्ही सांगितले तर ती श्रोत्यांची फसवणूक होईल. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सेना अधिनियम त्या बळावर वैध ठरवला. ज्याने देशासाठी प्राण द्यायचे त्याला नागरिकापेक्षा कमी हक्क, हे पहिल्याने ऐकताना खटकते. फौज चालवायची तर काही प्रमाणात ते अटळही आहे. पण अटळ किती आणि सोयीचे किती, ही रेषा कोणी तरी सतत तपासत राहिली पाहिजे.

१९८७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण या दृष्टीने प्रत्येक तरुण वकिलाने वाचावे. एका शिपायाने आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल परस्पर वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. कैदेत असताना जेवण घेण्याचा हुकूम त्याने मोडला असा दुसरा आरोप आला. समरी कोर्टमार्शल भरले आणि त्याला एक वर्षाची सक्तमजुरी व बडतर्फी अशी शिक्षा झाली. पहिली शिक्षा देणारा अधिकारी दुसऱ्या न्यायासनावरही होता. सर्वोच्च न्यायालयाने हा सगळा खटला रद्द केला. हरकत घेण्याची संधी दिली नाही, न्यायासन निःपक्ष राहिले नाही, आणि न जेवल्याबद्दल एवढी शिक्षा ही अपराधाच्या मानाने अवाजवी आहे, असा तो निर्णय होता. एका शिपायाच्या ताटावरून देशाच्या कायद्यात हे तत्त्व पक्के झाले की लष्करातली शिक्षाही गुन्ह्याच्या मापाची असली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच कोर्टमार्शलवर अपील नसण्याची उणीव बोलून दाखवली होती. विधी आयोगाने १९९९ साली आपल्या १६९ व्या अहवालात या विषयाचा विचार केला. अखेर २००७ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि २००९ साली ते काम करू लागले. मुख्य पीठ दिल्लीस आहे, आपल्या राज्यात मुंबईस एक पीठ आहे. न्यायाधीश आणि अनुभवी सेनाधिकारी तेथे एकत्र बसतात, आणि कोर्टमार्शलच्या निवाड्यावर रीतसर अपील ऐकतात. मंगल पांडे यांच्या वेळी ज्या तीन गोष्टींची उणीव होती, वेळ, तोंड आणि वरची नजर, त्यांपैकी तिसरी मिळायला स्वतंत्र हिंदुस्थानालाही सुमारे साठ वर्षे लागली. याचा अभिमान मानावा की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हांला दोन्ही वाटतात.

जज ॲडव्होकेटच्या जागेबद्दलही न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट २००० साली सांगितली. आरोपी अधिकाऱ्याहून कनिष्ठ दर्जाचा जज ॲडव्होकेट न्यायासनाजवळ बसवू नये; निकडीमुळे बसवावा लागलाच तर त्याची कारणे नोंदवावीत. वर वर पाहता हा मानापमानाचा प्रश्न वाटेल. पण त्यात मूळ प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर आहे. हुकमाच्या उतरंडीत वकिलाची पायरी कोणती, यावर त्याचा शब्द किती मोकळा राहील हे अवलंबून असते, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ओळखले. मुलीच्या वडिलांची शंका म्हणजे एका बापाची भाबडी शंका नव्हे. देशाच्या न्यायव्यवस्थेलाही ती पडलेली आहे.

आता त्या मुलीची वाट कोणती, ते थोडक्यात सांगतो, कारण सभेत अनेक आईबाप बसले आहेत. सैन्याच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेत, जिला सर्वजण जॅग म्हणतात, कायद्याचे पदवीधर घेतले जातात. वय २१ ते २७, पदवीला निदान ५५ टक्के गुण, आणि वकिलीच्या सनदेस पात्रता, अशा अटी असतात. अलीकडे कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेशाची क्लॅट परीक्षाही पाहिली जाते. मग निवड मंडळापुढे पाच दिवसांची कसोटी, वैद्यकीय तपासणी, आणि चेन्नईच्या अकादमीत ४९ आठवड्यांचे शिक्षण. तेथे कायद्याच्या पुस्तकापेक्षा कवायत आणि रायफल अधिक. ज्याला सैनिकाचा न्याय सांगायचा त्याला सैनिकाच्या पाठीवरचे ओझे ठाऊक असले पाहिजे, हे योग्यच आहे. पुढे काम नुसते कोर्टमार्शलचे नसते. कमांडरला सल्ला द्यायचा, आरोपपत्र तपासायचे, न्यायालयांत सैन्याची बाजू तयार करायची, १९४९ च्या जिनीव्हा करारांसारखे युद्धाचे नियम पलटणींना शिकवायचे. १ जुलै २०२४ पासून देशाचे फौजदारी कायदे बदलले, तेही नव्याने शिकायचे.

मुलींना ही शाखा १९९० च्या दशकात खुली झाली, आणि कायम नेमणुकीचा हक्क देण्याचे सरकारने २००८ साली ठरवले. तरीही जागा मुलांना अधिक व मुलींना कमी अशी विभागणी चालू होती. एका तुकडीत सहा जागा मुलांना आणि तीन मुलींना होत्या, आणि मुलांपेक्षा अधिक गुण मिळवूनही मुली मागे राहिल्या. दोन मुलींनी दाद मागितली, आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी घटनाबाह्य ठरवली. गुणांची यादी एकच, आणि त्या यादीत जो वर तो आत. सैन्याला कायदा सांगू पाहणाऱ्यांनी पहिला कायदा सांगितला तो सैन्यातच जाण्याच्या हक्काचा, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते.

आणि श्रोतेहो, या शाखेचे लोक लष्करी कायद्याचे शिक्षण घेतात कोठे? आपल्या शेजारी, कामठीस! भारतीय सैन्याची लष्करी कायद्याची संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ, कामठीच्या छावणीत आहे. महालातून निघाले तर पंधरा-सोळा किलोमीटर. जी छावणी आपल्या राजाला धाकात ठेवण्यासाठी वसली, जिच्या तोफांच्या छायेत आपल्या शहराने आपली माणसे गमावली, त्याच छावणीत आज देशाच्या चारी कोपऱ्यांतून तरुण अधिकारी येतात आणि शिपायाला न्याय कसा द्यावा ते शिकतात. नागपूरला कायद्याच्या अध्यापनाचीही परंपरा आहे. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे १९३५ पासून काही वर्षे येथल्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात शिकवीत असत. कायद्याचे शहर आणि कवायतीची छावणी ही दोन टोके कामठीच्या रस्त्याने जोडली गेली आहेत.

आता त्या वडिलांना आमचे उत्तर. हुकमात राहणारा वकील निर्भय राहू शकतो काय? कायदा त्याला आधार देतो, वरची न्यायालये आधार देतात, पण खात्री कोणीच देऊ शकत नाही. ती खात्री त्या माणसाच्या स्वभावातून येते. मेजर हॅरियटही जज ॲडव्होकेटच्या खात्याचेच होते. हुद्दा तोच, कायदा शिकलेला मेंदू तसाच. फरक पडतो तो आपण कोणासाठी बसलो आहोत याच्या जाणिवेने. चांगली माणसे "हे काम कठीण आहे" म्हणून दूर राहिली तर ती जागा रिकामी राहत नाही, तेथे दुसरे कोणी येऊन बसते. एखाद्या रात्री सीमेवरच्या एखाद्या तंबूत कोणा शेतकऱ्याचा विशीतला मुलगा आरोपी म्हणून उभा असेल, त्याला इंग्रजी येत नसेल, त्याचे आईबाप हजार मैल दूर असतील, आणि समोर पाच अधिकारी बसलेले असतील. त्या वेळी कडेच्या टेबलाशी बसलेली महालातली एक मुलगी उठून शांतपणे म्हणेल, "साहेब, कायदा असे म्हणत नाही." तात्यांना असा आवाज मिळाला नाही. त्या पोराला तो मिळावा, एवढ्यासाठी ही मुलगी आपण पाठवावी.

आम्ही त्या वडिलांना आज सभेला बोलावले आहे. ते आले असतील अशी आशा आहे.